तुझ्या तोंडचा यशोधन

गौरा,

आपला बसू म्हणाला, "अप्पा, पेपरात आव्वाचा फोटो देऊ, आणि खाली चार ओळी. माहेर कुठलं, मागं कोण कोण, तेवढं." मी म्हटलं, ते तू दे. ज्यांना तू ठाऊक नाहीस त्यांच्यासाठी ते आहे. मला वेगळं लिहायचंय. ते तुम्ही गल्लीच्या मंडळाच्या अंकात छापा न्हाईतर गिरणीच्या दाराला चिकटवा, माझं काही म्हणणं नाही. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं, सूनबाई वेलांट्या सरळ करून देणार आहे. पण शब्द बदलायचा नाही, म्हणून तिला आधीच सांगून ठेवलंय. आपल्या घरात शब्द बदलून काय काय झालं ते तिला कुठलं ठाऊक? तुला ठाऊक आहे.

तुला माती देऊन आलो त्या दिवसापासून माणसं येतात. बसतात, चहा घेतात, "सुटली बिचारी" म्हणतात. मी मान हलवतो. कशातनं सुटलीस ते एकालाही नीट सांगता येत नाही. मला त्यांच्याशी बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचंय. तुला एक विचारायचं राहिलंय आणि एक सांगायचं राहिलंय. सांगायचं ते शेवटी बघू. विचारायचं ते पहिल्यांदा विचारतो, कारण ते रागाचं आहे आणि राग माझा निवलेला नाही. तुला मी एवढा कच्चा वाटलो काय?

कशाबद्दल म्हणतोय ते तुला कळलं. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

गिरणीच्या दगडाला टाकी लावत होतो. दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड येतं, म्हणून छिन्नीनं त्याला परत खरबरीत करावं लागतं. कपची उडाली ती डोळ्यात. मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि इजा एका डोळ्याला असताना दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. एक हलला की दुसरा हलतो म्हणे. उभ्या आयुष्यात दिवसा झोपलो नव्हतो मी, तो आता आंधळ्यासारखा खाटेवर पडून. येईल त्याच्यावर ओरडत होतो. तुझ्यावर तर सगळ्यात जास्त. तेव्हा तू तुझ्या भाजीच्या पिशवीतनं पुस्तक काढलंस.

गडहिंग्लजच्या पेठेतली पोर तू, सातवी पास, घरात कानडी आणि शाळेत मराठी. लग्न होऊन आलीस तेव्हापासून वाचनालयातनं रहस्यकथा आणायचीस, हे मला ठाऊक होतं. चुलीपुढं वाचतेस म्हणून आमची आव्वा, तुझी सासू, करवादायची, तेही ठाऊक होतं. पण त्या पुस्तकांत काय असतं, ते कधी विचारलं नव्हतं. तो लेखक पुण्याचा. त्याचं नाव आपण कधी घेतलंच नाही. तू त्याला 'पुणेकर' म्हणायचीस, मग मीही म्हणायला लागलो. "पुणेकराचं नवीन आलंय," एवढं म्हटलं की झालं.

त्या दिवशी तू बंगल्याच्या खुनाचं पुस्तक वाचलंस. बंगल्याचा मालक विहिरीत मेलेला सापडतो, घरातली सगळी एकमेकांकडं बोट दाखवतात, आणि मग डिटेक्टिव्ह यशोधन येतो. तो आला आणि म्हणाला, "पावणं, बसा की निवांत. खून काय पळून जात न्हाय."

गौरा, मी पट्टीच्या आत डोळे उघडले. आपल्यातला गडी. कोट घालतो, मोटार चालवतो, आणि बोलतो आपल्यासारखा. पलीकडच्या खाटेवर इचलकरंजीचा एक मागवाला होता, कापड विणणारा, त्याच्याही डोळ्याला पट्टी. तो म्हणाला, "वैनी, जरा मोठ्यानं वाचा की. ह्यो यशोधन कुठल्या गावचा म्हनायचा?" तू म्हणालीस, "लिवलं न्हाय. असंल हिकडचाच." आणि पुढं वाचायला लागलीस.

तुझा यशोधन सकाळी भाकरी आणि शेंगाची चटणी खायचा. संशयिताच्या घरी गेला की आधी पाणी मागायचा, मग त्याची पायताणं बघायचा. "ही लाल माती कुठली वो? तुमच्या गल्लीत तर काळी हाय," असं गोडीत विचारून माणसाला घाम फोडायचा. बंगल्यात धोंडबा नावाचा एक गडी होता, पहाऱ्यावरचा. तो मात्र फार शुद्ध बोलायचा. "सरकार, मला याविषयी काहीच ठाऊक नाही." मला वाटलं, पुणेकरानं स्वतःच्या पुण्याकडचा माणूस नोकर म्हणून घातला आणि डिटेक्टिव्ह आमच्यातला घेतला. भला माणूस दिसतो. तसं मी तुला म्हणालोही. तू म्हणालीस, "व्हय, भला हाय."

पट्ट्या सुटल्या तरी वाचन सुटलं नाही. दुपारी जेवण झालं की गिरणीचा पट्टा उतरवायचा, दार लोटायचं, आणि मी चटईवर डोळे मिटून पडायचो. दवाखान्यात लागलेली सवय. तू खांबाला टेकून वाचायचीस. यशोधनचं बोलणं आलं की तू जराशी थांबायचीस. मला वाटायचं, उत्कंठा वाढवतेस. वाचावं तर हिनंच, असं मनात म्हणायचो. मनातच म्हणायचो. पुणेकराची किती पुस्तकं झाली कोण जाणे, सगळ्यांत यशोधन भाकरी खायचा.

मग त्या बंगल्याच्या पुस्तकाचा सिनेमा आला.

मी म्हटलं, जायचं. तू म्हणालीस, "कशाला? पुस्तकाची मजा त्यात नसती." मी म्हटलं, यशोधन डोळ्यांनी बघायचाय. इतकी वर्षं नुसता ऐकलाय. तू दोनतीनदा आडवं लावून बघितलंस, घरात पाहुणे येणार म्हणालीस, डोकं दुखतंय म्हणालीस. मी ऐकलं नाही. मी कधी ऐकलंय?

पहिल्याच धक्क्याला यशोधन टेबलावर बसून सुरीकाट्यानं आम्लेट खात होता.

"अंडं खातोय की गं ह्यो," मी तुला म्हटलं. आपल्यात अंडं चालत नाही.

"शहरात खात्यात," तू म्हणालीस. पदराचा बोळा तोंडाशी धरला होतास.

बोलायला लागला तर तोंडातनं एक शब्द ओळखीचा नाही. 'आपण कृपया इथून हलू नये' असलं. मी म्हटलं, असू दे, सिनेमावाल्यांना नट तसला मिळाला असेल. आणि मग पडद्यावर धोंडबा आला. मुंडासं सुटलेलं, तोंड उघडं, धोतराचा सोगा पायात. "व्हय जी. न्हाय जी. मला काय बी ठावं न्हाय जी." थिएटर हसलं. त्यानं तोंड उघडलं की हसायचं. आणि हसत कोण होतं? आपलीच माणसं. कागलची, पन्हाळ्याकडची, शाहूपुरीत दुकानं असलेली, सिनेमा सुटल्यावर घरी जाऊन 'व्हय' आणि 'न्हाय'च म्हणणारी. माझ्या पुढचा एक तर मांडीवर थापा मारत होता.

मी उभा राहिलो. म्हटलं, "ह्ये पुस्तकात न्हाय."

मागनं आवाज आला, "पावणं, बसा की खाली. तुमच्या डोस्क्यातनं दिसत न्हाय आमाला."

तू माझा हात धरून मला खाली बसवलंस. तुझा हात गार होता. मी तेव्हा मनात म्हटलं, बाई माणूस, भांडणाला घाबरली.

वाटेनं येताना मी थांबत नव्हतो. पुस्तकाचं वाटोळं केलं. आपला माणूस काढून तिथं अंडी खाणारा घातला आणि आपली बोली नेऊन येड्याच्या तोंडात कोंबली. "त्या पुणेकराला कळवायला पायजे," मी म्हटलं. तू पायाखालचा रस्ता बघत चालली होतीस. म्हणालीस, "त्याला ठावं असंल."

पुढं महिनाभर गिरणीत दळण कमी आणि हाच विषय जास्त. येईल त्याला मी सांगायचो. डबा घेऊन उभी राहिलेली माणसं ऐकून घ्यायची, नाहीतर पीठ मिळायचं नाही. त्यात एक दिवस कुलकर्णी आले. शाहूपुरीतल्या पेढीवरचे कारकून, जोंधळे स्वतः घेऊन यायचे आणि दळून होईपर्यंत उभ्यानं वाचत असायचे. ते म्हणाले, "गिरणीवाले, धोंडबा पुस्तकातही असाच बोलतो हो."

"तुमी दुसरं वाचलं असंल."

"दुसरं कसं? एकच तर आहे. यशोधनचं आम्लेटसुद्धा आहे त्यात. तुम्ही स्वतः वाचलंय?"

"माझ्या मंडळीनं वाचलंय, मी ऐकलंय. तुमच्या वाचण्यापरास माझं ऐकणं जास्त बारीक हाय."

"असेल. पण मग त्यांचं पुस्तक कुठल्या छापखान्यातलं?" ते म्हणाले, आणि लाइनीतली चारदोन माणसं हसली. मी कुलकर्ण्यांच्या जोंधळ्यावर दुसऱ्याचे गहू घातले. मुद्दाम नाही. हात तसा पडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या भावाच्या पोरीचं बारसं निघालं. तू एसटीनं गडहिंग्लजला गेलीस. मी तोंड धुतलं, टोपी घातली आणि जन्मात पहिल्यांदा वाचनालयात गेलो. काउंटरवरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या भुवयांवर पीठ असेल, म्हणाला, "कुणासाठी पाहिजे?" मी म्हटलं, "मला."

गिरणी बंद ठेवली. दुपारी चटईवर बसून, ओळीखाली बोट धरून वाचायला लागलो. जोडाक्षराला अडायचो, परत मागं जायचो. यशोधन आला त्या पानावर पोचायलाच दिवस कलला. 'सद्गृहस्थहो, कृपया आपापल्या जागी बसून घ्या,' यशोधन करारी स्वरात म्हणाला. पावणं नाही. निवांत नाही. खून पळून जात नाही हेही नाही. मग आम्लेट. मग धोंडबा, 'व्हय जी.'

पहिल्यांदा वाटलं, नवीन छापताना बदललं. पहिलं पान काढून बघितलं, जुनंच होतं. पाठीमागं तुझ्या हातचा हळदीचा डाग होता, बोटाचा.

मग बसून राहिलो. गौरा, माणसाला राग येतो तो कुणीतरी वाईट केलं की येतो. मला त्या दिवशी जो आला त्याला काय नाव द्यावं ते कळलं नाही. लहान पोराला आई मिरची धुऊन देते तशी तू मला सगळी पुस्तकं धुऊन दिली होतीस. इतकी वर्षं. आणि मी गावभर सांगत सुटलो होतो की तिखट असतं ते असंच. पुणेकर आम्हांला हसतो, तर हसू दे. मी काय मेलो असतो? दगड डोळ्यात गेला तेव्हा ओरडलो नाही. ओरडलो ते नंतर, पडून राहायला लागलं म्हणून. मला सगळं सोसतं. हे तुला दुसऱ्या कुणी सांगायला पाहिजे होतं काय?

तू परत आलीस. मी स्टँडवर उतरवून घ्यायला आलो नाही. तू बारशाच्या घुगऱ्या पुढं ठेवल्यास आणि दुपारी पुस्तक काढलंस. मी म्हटलं, "वाचू नगं. डोळं दुखत्यात."

"ऐकायला डोळं कशाला लागत्यात?"

"वाचू नगं म्हटलं न्हवं?"

तू पुस्तक मिटलंस. का, ते विचारलं नाहीस. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

पण कुलकर्णी परत आले तेव्हाचं सांगतो. तू आतल्या दारामागं डबे पुसत होतीस. ते म्हणाले, "काय गिरणीवाले, मिळालं का पुस्तक?" वाचनालयातल्या माणसानं सांगितलं असणार. आता मी पुस्तक वाचलेला माणूस. मला एवढंच म्हणायचं होतं, की तुमचं बरोबर आहे. ते म्हटलं असतं तर पुढचं आपोआप आलं असतं. मग तुमच्या मंडळींनी काय वाचलं? मग हसले असते ते तुला.

मी म्हटलं, "मिळालं. वाचलं. तुमचंच चुकलंय."

"अहो, काय सांगता."

"सिनेमावाल्यांनी घाण केली आन् तुमी सिनेमा बघून पुस्तक वाचता. म्हनून तुमाला तसं दिसतंय."

ते हसले, सगळी हसली, आणि तेव्हापासून मी गावात येडा ठरलो. 'गिरणीवाल्याचं पुस्तक' ही शाहूपुरीतली थट्टा झाली. कुणी भलतंच काही सांगायला लागला की म्हणायचे, गिरणीवाल्याच्या पुस्तकात असंल. मी अभिमानाचा माणूस, मला कुणी अरे म्हटलेलं खपत नाही, तो मी एवढी वर्षं हे ऐकून घेतलं. एकदाही मागं सरलो नाही. दारामागं डबे पुसण्याचा आवाज थांबलेला मला त्या दिवशी ऐकू आला होता. त्या रात्री ताटात तू दोनदा तूप वाढलंस.

दुसऱ्या दुपारी तू काही न विचारता खांबाला टेकलीस आणि पुणेकराचं नवीन पुस्तक उघडलंस. मी डोळे मिटले. यशोधनचं बोलणं आलं, तू जराशी थांबलीस, आणि तो म्हणाला, "काय पावणं, कसं काय येणं केलं?" मी कुशीवर वळलो, भिंतीकडं तोंड करून. हसू आलेलं तुला दिसू नये म्हणून. राग तसाच होता. पण तो यशोधन मला पाहिजे होता. त्यानंतर मी छापलेलं एकही पुस्तक उघडून बघितलं नाही. बघायची इच्छाच मेली.

असंच चाललं. बसू मोठा झाला, त्याचं लग्न झालं, गिरणीला नवीन मोटर बसली. तू वाचत होतीस, मी ऐकत होतो. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

मग तुझ्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, जास्त बोलू द्यायचं नाही, दम लागतो. म्हणजे वाचन बंद. दुपारी तू खाटेवर आणि मी चटईवर, आणि घरात नुसतं घड्याळ. एक दिवस तू म्हणालीस, "तुमी वाचा आता."

"मला कुठलं येतंय."

"न येयाला काय झालं? मी गडहिंग्लजला गेलते तवा वाचलं न्हाई का?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू छताकडं बघत होतीस.

"कुनी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? पुस्तकात पीठ होतं."

एवढंच म्हणालीस. एवढी वर्षं तुला ठाऊक होतं, की मला ठाऊक आहे. आणि मी गावात येडा ठरत होतो तेव्हा कशासाठी ठरतोय, तेही ठाऊक होतं. मी उठून बसूला सांगितलं, ते बंगल्याचं पुस्तक वाचनालयातनं आण.

चष्मा लावून, बोट धरून वाचायला लागलो. यशोधन आला. मी जरा थांबलो आणि म्हणालो, "पावणं, बसा की निवांत."

"तसं न्हवं," तू म्हणालीस. "छापलंय तसं वाचा."

"मला असंच आवडतंय."

"मला मेलीला एकदा तरी ऐकू द्या की छापल्यालं."

मग छापलं होतं तसं वाचलं. यशोधनच्या बोलण्यात माझी जीभ अडकायची. 'सद्गृहस्थहो'ला तर तीनदा पडलो, तू तोंडावर हात धरलास. पण धोंडबा आला की कुठं अडायलाच होईना. मी वाचत होतो असं वाटतच नव्हतं, बोलत होतो. आणि त्याच्या तोंडात ते वाक्य आलं. खून कुणी केला ते धोंडबानं पहिल्या दिवशीच बघितलेलं असतं, आणि ते त्याला अगदी शेवटी विचारतात. "मी बघितलं जी. कंदील घिऊन हिरीकडं कोन गेलं त्ये बघितलं. खरं मला कुनी इचारलंच न्हाय. समदी म्हनली, धोंडबा, च्या आन. मी च्या आनत हुतो."

सिनेमात ह्यालाच सगळ्यात जास्त हसले होते लोक. तुझ्या वाचण्यात हे नव्हतंच. खोलीत मी ते वाचलं आणि कुणी हसलं नाही. सूनबाई दारात येऊन थांबली होती, तीही नाही.

तू म्हणालीस, "परत वाचा त्ये."

परत वाचलं.

"चांगला मानूस हाय की ह्यो," तू म्हणालीस. "पुणेकरानं चांगला लिवलाय. मी उगंच गाळलं."

"मला ठावं हाय गाळल्यालं."

"मला वाटलं, हितं तुमी..."

आणि तुला ढास लागली. मी पाणी दिलं, पाठीवरनं हात फिरवला. ढास थांबली. वाक्य पुरं होईल म्हणून मी थांबलो होतो. तेव्हा मी काय म्हणायचं? म्हणायचं होतं, की तू केलंस ते मला आवडलं होतं. म्हणायचं होतं, की दुपारच्या त्या चटईएवढं सुख मला उभ्या जन्मात दुसरीकडं कुठं मिळालं नाही. ते राहिलं बाजूला आणि मी म्हणालो, "मग? सिनेमावाल्यांनी घाण केली, ह्ये मी पयल्यापासनं सांगतोय."

तू हसलीस. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत, परत दम लागेपर्यंत हसलीस. मीही हसलो. पुस्तकाची थोडी पानं राहिली होती, म्हटलं उद्या वाचू. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडले नाहीस.

'मला वाटलं, हितं तुमी' काय? हितं तुमी रडाल? भांडाल? हितं तुमाला तुमचे वडील आठवतील, जे दुसऱ्याच्या दारात असंच 'व्हय जी' म्हणत उभे असायचे? ते तर मला आठवलेच. आठवले म्हणून काही मोडलो नाही. बघितलंस नव्हं तू, सरळ वाचलं मी. मग सांग ना, कच्चा होतो काय? तू सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो, आणि भांडून झाल्यावर जे सांगायचं ते सांगितलं असतं. माझं असंच आहे. आधी भांडल्याशिवाय मला चांगलं बोलताच येत नाही, आणि तू कधी भांडलीच नाहीस.

काल कुलकर्णी आले होते. आता पेढी सुटली त्यांची, हातात काठी आली. तुझा भाऊ बसला होता, बसू होता, गल्लीतली चार माणसं होती. सूनबाईनं चहा दिला. कुलकर्ण्यांनी चहा बशीत ओतला. मग हळू, माझ्या कानाशी आल्यासारखं म्हणाले, "गिरणीवाले, राग मानू नका. आता विचारतो. वहिनी बदलून वाचायच्या ना?"

सगळ्यांनी ऐकलं. बसूनं मान खाली घातली. एवढी वर्षं जे तोंडात धरलं होतं, ते आता कुणासाठी धरायचं, असं मला वाटलं.

"व्हय," मी म्हटलं. "बदलून वाचायची. माझ्यासाठी. तुमच्या पुणेकरानं समद्यांसाठी एकच पुस्तक लिवलं. हिनं त्यातनं मला एकट्याला दुसरं काढून दिलं. कोल्हापुरात हाय का कुनाच्या घरात असलं पुस्तक?"

माझा आवाज चढला असेल, कारण रस्त्यानं जाणारी दोन माणसं दारात थांबली. सांगायचं राहिलं होतं ते हे, गौरा. तुला सांगायचं ते कुलकर्ण्यांना सांगितलं.

ते हसले नाहीत. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी ते छापलेलं कितीदा वाचलंय. वहिनींचं कसं होतं? सांगा की."

मी सांगायला लागलो. यशोधन येतो आणि पावणं म्हणतो, भाकरी-चटणी खातो, लाल मातीची पायताणं बघतो. बसू ऐकत होता, तुझा भाऊ ऐकत होता. चहा निवला तरी कुणी उठेना. मधेच कुणी हसलं, पण ते हसणं चांगलं होतं. खुनी सापडला, पोलीस घेऊन गेले. मग तुझ्या पुस्तकात यशोधन मोटारीत बसायच्या आधी बंगल्याच्या फाटकाशी थांबतो, धोंडबाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्याला काहीतरी म्हणतो. छापलेल्यात हे नाही. तिथं तो मागं न बघता निघून जातो, हे मी तू गेल्यावर उरलेली पानं वाचून बघितलंय. दवाखान्यात तू ते वाचलंस तेव्हा तो इचलकरंजीचा मागवाला म्हणाला होता, "वैनी, ह्ये एवढं परत वाचा." एवढं मला आठवतंय.

यशोधन काय म्हणाला, ते आठवेना.

सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. कुलकर्णी काठीवर हनुवटी टेकून थांबले होते. आणि मी सवयीनं मान वळवून आतल्या खोलीकडं हाक टाकली, "अगं, धोंडबाला काय म्हनाला गं त्यो?"